फॉरमॅट मारल्यावर वर्ड कुठे जाते? घरच्या संगणकाच्या विस्मृतीचा इतिहास

१/
‘संगणक फॉरमॅट मारला आणि वर्ड गेले.’ २००० ते २०१५ या काळात ज्यांच्या घरी संगणक होता, त्यांना हे वाक्य नवे नाही. यंत्र मंदावे, व्हायरस शिरे, मग ओळखीतला कुणी जाणकार सीडी घेऊन येई आणि दोन-तीन तासांत सारे कोरे करून देई. विंडोज परत येई. ‘डी’ ड्राइव्हवरची गाणी आणि छायाचित्रे जागच्या जागी असत. वडिलांनी टंकलेली पत्रे मात्र उघडत नसत. फाइलीच्या नावाशेजारी निळ्या ‘डब्ल्यू’ऐवजी कोरा पांढरा कागद दिसे.

२/
हा धागा त्या कोऱ्या पांढऱ्या कागदाविषयी आहे. गेलेले ऑफिस परत कसे मिळवायचे, या प्रश्नाला १९८५, १९९७, २००५ आणि २०१५ या चारही वर्षी निरनिराळे उत्तर होते. उत्तर बदलत गेले, कारण सॉफ्टवेअर ‘आपल्या मालकीचे असणे’ याचा अर्थच बदलत गेला. तो बदल समजून घेतला, तर आपल्या काळातील घरगुती कागदपत्रे पुढच्या इतिहासकाराला वाचता येतील की नाही, हेही उमगते. मराठी घरांच्या बाबतीत तर या कथेला आणखी एक पदर आहे. त्याकडे उत्तरार्धात वळू.

३/
प्रथम शब्दाचा अर्थ. फॉरमॅट म्हणजे डिस्कवरील सारे पुसणे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात झटपट फॉरमॅटमध्ये केवळ सूची नवी होते. एखाद्या दप्तरखान्यातील रुमाल जागेवरच ठेवून फक्त यादी जाळून टाकावी, तसे हे आहे. कोणता कागद कुठल्या फडताळात आहे हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून फडताळ रिकामे मानले जाते. नवे कागद त्या जागी येऊन पडेपर्यंत जुने तसेच असतात.

४/
गेलेले परत आणण्याचा उद्योग याच वस्तुस्थितीवर उभा राहिला. पीटर नॉर्टन या अमेरिकी प्रोग्रामरने १९८२ मध्ये ‘नॉर्टन युटिलिटीज’ बाजारात आणल्या. त्यांतील ‘अनइरेज’ हे साधन पुसलेल्या फाइली शोधून देई. १९९१ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉसच्या ५.० आवृत्तीत ‘अनफॉरमॅट’ नावाची आज्ञाच दिली. फॉरमॅट ही चूक असू शकते आणि ती उलटवता आली पाहिजे, हे कंपनीने जणू अधिकृतपणे मान्य केले होते.

५/
पुढे ही वाट अरुंद होत गेली. विंडोज एक्सपीमध्ये पूर्ण फॉरमॅट केले, तरी सूची नवी होई आणि खराब जागांची तपासणी होई. मजकुरावर काही लिहिले जात नसे. २००७ मध्ये सर्वांसाठी आलेल्या व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सर्वत्र शून्ये लिहू लागले. एसएसडी आल्यावर विंडोज ७ ने २००९ मध्ये ‘ट्रिम’ नावाची सोय दिली. वापरात नसलेली जागा मोकळी करावी, अशी सूचना त्यामुळे डिस्कला लगेच मिळते. म्हणून जुन्या फिरत्या डिस्कवरून जे परत मिळण्याची आशा असे, ते एसएसडीवरून बहुधा मिळत नाही.

६/
तरीही एक कोडे उरते. समजा, सर्व फाइली परत मिळाल्या. ऑफिसचे संपूर्ण फोल्डरही मिळाले. ते उचलून नव्या विंडोजमध्ये ठेवले, तरी ऑफिस चालत नाही. कारण विंडोज ९५ पासून प्रोग्रामचा जीव एका फोल्डरात राहिला नाही. त्याच्या नोंदी ‘रजिस्ट्री’ या मध्यवर्ती वहीत विखुरलेल्या असतात, काही भाग विंडोजच्याच फोल्डरात असतात आणि परवान्याची खूण तिसरीकडेच असते. पत्र ही वस्तू आहे. प्रोग्राम हा अनेक नोंदींनी बांधलेला संसार आहे. म्हणून पत्र वाचते आणि प्रोग्राम मोडतो.

७/
आता आरंभाकडे जाऊ. १९८१ चा आयबीएम पीसी विकला गेला, तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हती. १० मेगाबाइटची डिस्क १९८३ च्या एक्सटी या यंत्रात आली. त्यापूर्वी प्रोग्राम फ्लॉपीवर असे आणि फ्लॉपी टेबलाच्या खणात असे. १९७८ चे वर्डस्टार ज्याच्या खणात, तो त्याचा धनी. यंत्र कितीदा पुसले, तरी प्रोग्रामला काही होत नसे. गमावण्याची भीती होती ती बुरशीची, चुंबकाची आणि उसने नेऊन परत न करणाऱ्या मित्राची.

८/
कंपन्यांना मात्र वेगळीच भीती होती. फेब्रुवारी १९७६ मध्ये तरुण बिल गेट्सने संगणकाच्या छांदिष्टांना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिले. यंत्राचे पैसे तुम्ही आनंदाने मोजता आणि सॉफ्टवेअर मात्र फुकट वाटून घेता, अशी त्याची तक्रार होती. सॉफ्टवेअर ही विकत घेण्याची स्वतंत्र वस्तू आहे, हा विचार त्या काळी सर्वमान्य नव्हता. पुढे १९८३ च्या लोटस १-२-३ ने मूळ फ्लॉपी यंत्रात घातल्यावाचून चालायचेच नाही, अशी अट घातली. मालकीचा पुरावा म्हणजे ती वस्तू हातात असणे. हा पहिला टप्पा.

९/
मायक्रोसॉफ्टने वर्ड, एक्सेल आणि इतर प्रोग्राम एकत्र बांधून ‘ऑफिस’ या नावाने १९८९ मध्ये मॅकसाठी आणि १९९० मध्ये विंडोजसाठी विकायला काढले. हा गठ्ठा फुगत गेला. ऑफिस ९७ सीडीवर मिळत असे. पण ज्यांच्याकडे सीडी ड्राइव्ह नव्हता, त्यांच्यासाठी ते ४५ फ्लॉपींवरही उपलब्ध होते. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले खंडही ४५ च आहेत, हा एक गमतीचा योगायोग. फरक इतकाच की, एखादा खंड हरवला तरी उरलेले ४४ वाचता येतात. एक फ्लॉपी बिघडली, तर ऑफिस बसणे तिथेच अडे.

१०/
सीडी आली आणि मालकीचा पुरावा वस्तूतून अंकात सरकला. ऑफिस ९७ च्या सीडीच्या वेष्टनावर ११ अंकांची चावी छापलेली असे. तिची तपासणी किती भाबडी होती ते पाहा: शेवटच्या सात अंकांच्या बेरजेला ७ ने भाग गेला पाहिजे. सात वेळा १ लिहिला, तरी ही अट पुरी होते. यंत्र ‘तू कोण’ असे विचारत नव्हते. फक्त बेरीज तपासत होते. वेष्टन हरवले, तरी शेजाऱ्याच्या सीडीवरचा अंक चाले.

११/
ऑफिस २००० पासून पाच-पाचांच्या पाच गटांत २५ चिन्हांची चावी आली. या चाव्यांसाठी २४ चिन्हे निवडली होती: १७ रोमन अक्षरे आणि ७ अंक. एकही इंग्रजी स्वर त्यांत नव्हता. शून्य आणि ‘ओ’, किंवा एक आणि ‘आय’ यांची गल्लत होऊ नये, म्हणून त्या जोड्याही वगळल्या होत्या. कागदावरून नक्कल करणाऱ्या लेखनिकाच्या हातून कोणत्या चुका होतात, याचा विचार इतक्या बारकाईने केलेला होता. पोथ्यांचे पाठभेद अभ्यासणाऱ्या कुणालाही त्याचे कौतुक वाटेल.

१२/
भारतातील घरांपुरते बोलायचे, तर हा पुरावा फार थोड्यांकडे होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून सुटे भाग आणून जोडलेला संगणक घरी येई, तो बहुधा विंडोज आणि ऑफिस भरूनच. त्याचे बिल कुणी मागत नसे. सॉफ्टवेअर उद्योगाच्या बीएसए या संघटनेच्याच अंदाजानुसार २०११ मध्ये भारतातील ६३ टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना होते. याच काळात महाराष्ट्रात एमएस-सीआयटीच्या वर्गांतून असंख्य विद्यार्थी वर्ड आणि एक्सेल शिकत होते. कौशल्य प्रमाणपत्रासह मिळत होते. साधन मात्र उसन्या सीडीवरून येत होते.

१३/
म्हणून अनेक मराठी घरांत ‘गेलेले ऑफिस परत मिळवणे’ याचा अर्थ एकच होता: त्याच जाणकाराला पुन्हा बोलावणे. तो त्या गल्लीचा कुळकर्णी होता. कुणाच्या यंत्रात काय आहे, कोणती चावी चालते, कुठली सीडी ओरखडली आहे, हे सारे त्याच्या ध्यानात असे. तो नोकरीसाठी परगावी गेला की, गल्लीचे दप्तरही त्याच्याबरोबर जाई.

१४/
२००१ हे वर्ष या इतिहासातील खरा पाणलोट आहे. त्या वर्षी आलेल्या ऑफिस एक्सपी आणि विंडोज एक्सपी यांनी ‘ॲक्टिव्हेशन’ सक्तीचे केले. विंडोज एक्सपी यंत्राच्या निरनिराळ्या भागांवरून एक ठसा तयार करून कंपनीकडे पाठवी. इंटरनेट नसेल तर दूरध्वनीवर अंकांची लांबलचक माळ वाचून दाखवावी लागे आणि तिकडून सांगितलेली दुसरी माळ टंकावी लागे. ऑफिस एक्सपी ५० वेळा उघडल्यानंतरही ॲक्टिव्हेट केले नाही, तर त्यात नवे लिहिणे बंद होई. विकत घेतलेली वस्तू वापरण्यापूर्वी विकणाऱ्याला विचारणे घरगुती संगणकावर येथून रूढ झाले.

१५/
याच सुमारास नामांकित कंपन्यांचे तयार संगणक घरांत येऊ लागले. त्यांच्याबरोबर सीडी मिळेनाशी झाली. डिस्कच्या एका लपलेल्या पार्टिशनमध्ये मूळ प्रत ठेवलेली असे आणि ठरावीक कळ दाबली की, यंत्र कारखान्यातून निघाले तेव्हाच्या स्थितीत परत जाई. सोय उत्तम होती. पण जुन्या सवयीचा जाणकार येऊन ‘सगळी पार्टिशन उडवून’ नवी पाडी. त्याच झटक्यात परतीची वाटही पुसली जाई. मालकीचा पुरावा आता यंत्राच्या पोटात होता आणि तो तिथे आहे, हे घरात कुणाला ठाऊकच नसे.

१६/
त्या पोटातले ऑफिसही नेहमी पूर्ण नसे. कधी ते काही दिवसांच्या चाचणीपुरते असे. २०१० मध्ये ‘ऑफिस स्टार्टर’ नावाची जाहिराती दाखवणारी लहान आवृत्ती आली. ती नव्या यंत्राबरोबरच मिळे, दुकानात सुटी विकली जात नसे. आधीच भरलेले पूर्ण ऑफिस सुरू करायचे, तर एक लहानसे कार्ड विकत घ्यावे लागे. त्यात डिस्क नसे. फक्त चावी असे. असली कार्डे वॉरंटीच्या कागदांबरोबर रद्दीत जातात. फॉरमॅटनंतर माणूस दुकानदाराला म्हणे, ‘माझ्याकडे वर्ड होते’. आणि सिद्ध करायला हाती काही नसे.

१७/
पूर्वी यावर एक उपाय होता. ऑफिसची चावी रजिस्ट्रीत सांकेतिक रूपात साठवलेली असे आणि ती उलगडून दाखवणारी लहान साधने मिळत. ती फॉरमॅटपूर्वी चालवली किंवा जुनी डिस्क शाबूत असली, तर अख्खी २५ चिन्हे परत मिळत. ऑफिस २०१३ पासून यंत्रावर चावीची केवळ शेवटची पाच चिन्हे ठेवली जातात. उरलेल्या वीस चिन्हांचा माग यंत्रावर उरत नाही.

१८/
२०१२ च्या विंडोज ८ पासून आणखी एक विलक्षण गोष्ट घडली. तयार यंत्रांतील विंडोजची चावी मदरबोर्डवरील चिपमध्ये कोरली जाऊ लागली. डिस्क कितीही पुसा, नव्या डिस्कवर विंडोज घाला. ती आपली चावी आपणच वाचून घेते. ऑफिसच्या वाट्याला हे स्मरण आले नाही. म्हणूनच आजही फॉरमॅटनंतर विंडोज निमूटपणे चालू होते आणि ऑफिस ‘आपण कोण?’ असे विचारते. दोघांचा जन्म एकाच कारखान्यातला, पण एकाचीच नोंद जन्मपत्रिकेत.

१९/
२०१३ च्या आरंभी मायक्रोसॉफ्टने दुकानात विकल्या जाणाऱ्या ऑफिस २०१३ चा परवाना एकाच यंत्राशी कायमचा बांधला. ते यंत्र जळाले, तर परवानाही त्याच्याबरोबर जाणार होता. ग्राहकांनी एवढा गदारोळ केला की, ६ मार्च २०१३ रोजी कंपनीने माघार घेतली आणि ९० दिवसांतून एकदा परवाना दुसऱ्या यंत्रावर नेण्याची मुभा दिली. आपण विकत घेतले ते काय, वस्तू की परवानगी, हा प्रश्न सामान्य ग्राहकाने इतक्या स्पष्टपणे विचारल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

२०/
तोवर चौथा टप्पा सुरू झालाही होता. २०११ मध्ये ऑफिस ३६५ आले आणि २०१३ मध्ये ते घरगुती ग्राहकांसाठीही खुले झाले. परवाना आता वस्तूत नाही, अंकात नाही, यंत्रातही नाही. तो खात्यात आहे. फॉरमॅट केले, तर खात्यात शिरा, ऑफिस पुन्हा उतरवून घ्या. इतके सोपे ते पूर्वी कधीच नव्हते. पण यंत्र घेताना दुकानातल्या मुलाने घाईघाईत उघडलेले खाते, विसरलेला पासवर्ड, बंद पडलेला मोबाइल क्रमांक यांपैकी काहीही आड आले की, दार बंद. आणि खातेदारच हयात नसेल, तर घरच्यांना ते उघडणे फारच कठीण.

२१/
वस्तू, अंक, यंत्र, खाते. प्रत्येक टप्प्यावर हरवलेले परत मिळवणे अधिक सोयीचे झाले आणि त्याच वेळी ते आपल्या हातून थोडे अधिक निसटले. या प्रवाहाला समांतर एक दुसरी धाराही आहे. जर्मनीतील स्टारडिव्हिजन या कंपनीचे स्टारऑफिस १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतले आणि ऑक्टोबर २००० मध्ये त्याचा मूळ संकेत खुला केला. तेच ओपनऑफिस. त्यातूनच २०१० मध्ये लिब्रेऑफिस निघाले. याला चावीच नाही. त्यामुळे ती हरवण्याचाही प्रश्न नाही.

२२/
या खुल्या धारेने एक मूलभूत प्रश्न विचारला: प्रोग्राम कुणाचाही असो, मजकूर कोणत्या स्वरूपात साठवायचा हे सर्वांना माहीत असायला नको का? तिचे ओडीएफ हे स्वरूप २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले. मायक्रोसॉफ्टचे ओओएक्सएमएल २००८ मध्ये झाले. त्या मतदानात भारताने विरोधी मत दिले होते. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने जुन्या ‘डॉक’ फाइलींची रचनाही जाहीर केली. आज हरवलेल्या ऑफिसविना वडिलांची पत्रे लिब्रेऑफिसमध्ये बहुधा उघडतात, यामागे या साऱ्या घडामोडी आहेत.

२३/
मूळ कर्ता आपल्या जुन्या फाइली कायम उघडेलच, असेही नाही. सप्टेंबर २००७ मध्ये ऑफिस २००३ साठी आलेल्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकने सुरक्षेच्या कारणास्तव वर्डच्या काही जुन्या स्वरूपांना दार बंद केले. आपलीच जुनी पत्रे उघडायला रजिस्ट्रीत फेरफार करावे लागू लागले. जानेवारी २००८ मध्ये ओरड झाल्यावर कंपनीने दिलगिरी व्यक्त करून सोपा उपाय दिला. म्हणजे ऑफिस परत मिळाले, तरी काम संपतेच असे नाही.

२४/
आता मराठी घरांचा तो खास पदर. ऑफिस परत आले, फाइल उघडली. पण पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांची खिचडी! मजकूर मराठीच आहे. गेला आहे तो फॉन्ट. १९९० च्या दशकात श्रीलिपी, आकृती, शिवाजी, किरण अशा फॉन्टांनी आणि पुण्याच्या सी-डॅकच्या साधनांनी मराठी टंकलेखन घरोघरी पोचवले. यांतील पुष्कळशा फॉन्टांची युक्ती अशी की, इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे. संगणक आत इंग्रजी अक्षरच साठवी. डोळ्यांना मराठी दिसे.

२५/
त्यातही प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा. एकात ज्या कळेवर ‘क’, दुसऱ्यात तिथे ‘भ’. काना, मात्रा, अर्धी अक्षरे असे सुटे तुकडे जोडून शब्द उभा राही. पहिली वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते, म्हणून ती साठवलीही आधी जाई. फॉरमॅटमध्ये विंडोजचे फॉन्ट फोल्डर गेले की, हा नकाशा गेला. काही मराठी पॅकेजांना तर यंत्रामागे लावायचा डोंगल लागे. तो ज्या प्रिंटर पोर्टला लागे, ते पोर्टच आजच्या लॅपटॉपवर नाही.

२६/
याला उत्तर असलेला युनिकोड १९९१ मध्येच आला होता आणि त्यात देवनागरी पहिल्यापासून होती. विंडोज २००० ने मंगल फॉन्टसह ती वापरायची सोय दिली. पण विंडोज एक्सपीमध्ये ही सोय वेगळी चालू करावी लागे आणि त्यासाठी यंत्र विंडोजची सीडी मागे. ती तर जाणकार घेऊन गेलेला! २००५ पासून केंद्र सरकारने भारतीय भाषांचे फॉन्ट आणि भारतीय भाषांतील ओपनऑफिस अशी साधने मोफत सीडींतून वाटायला आरंभ केला. तोवर दहा-पंधरा वर्षांचा मराठी मजकूर जुन्या फॉन्टांत लिहून झाला होता.

२७/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे मोडी आठवल्यावाचून राहत नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडीतील कोट्यवधी कागद आहेत. कागद आहे, शाई आहे; वाचणारा डोळा दुर्मीळ आहे. २०१४ मध्ये मोडीलाही युनिकोडमध्ये स्थान मिळाले. जुन्या फॉन्टांतील मराठी ही आपल्या डोळ्यांदेखत दुर्बोध झालेली, अवघ्या तीस वर्षांपूर्वीची ‘लिपी’ आहे. दिलासा एवढाच की, ती मोडीपेक्षा सोपी आहे. प्रत्येक फॉन्ट म्हणजे ठरावीक अदलाबदलीचा संकेत. नकाशा हाती असला की, रूपांतरक संपूर्ण मजकूर क्षणात युनिकोडमध्ये आणतो.

२८/
म्हणून प्रत्यक्ष कृतीसाठी काही सूत्रे.
• नुकतेच फॉरमॅट झाले असेल, तर त्या डिस्कवर नवे काही लिहू नका. ती काढून दुसऱ्या यंत्राला जोडून तपासा.
• फॉरमॅट न करता विंडोज पुन्हा घातले असेल, तर ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरात जुने दस्तऐवज आणि फॉन्ट सापडू शकतात.
• बिल, कार्ड, यंत्राखालचे लेबल आणि जुना ईमेल पत्ता शोधा.
• ऑफिस २०१० वा त्याआधीचे असेल, तर त्याचा अधिकृत पाठिंबा २०२० पर्यंत संपला आहे. चावीमागे धावण्याऐवजी लिब्रेऑफिसमध्ये फाइल उघडून पाहा.

२९/
• मजकूर खिचडीसारखा दिसत असेल, तर फाइल पुसू नका आणि त्यावर पुन्हा ‘सेव्ह’ही करू नका. कोणता फॉन्ट वापरला होता, त्याचे नाव वर्डच्या फॉन्टच्या चौकटीत बहुधा दिसते. ते टिपून ठेवा.
• तो फॉन्ट जुन्या डिस्कवर सापडला, तर फाइलींबरोबरच जपा.
• युनिकोड प्रत करा, पण मूळ फाइलही ठेवा. रूपांतरात जोडाक्षरे चुकतात आणि पडताळणीला मूळच लागते.
• दीर्घकाळ टिकवण्यासाठी २००५ मध्ये मानक ठरलेल्या पीडीएफ-ए स्वरूपात एक प्रत ठेवा.
• कुणी, केव्हा, कशासाठी लिहिले, हे दोन ओळींत नोंदवा. संदर्भावाचून कागद मुका असतो.

३०/
इतिहासाचार्य राजवाडे गावोगावी फिरून वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरे वाचवत होते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. ज्यांच्या घरी ते कागद होते, त्यांतील अनेकांना तो जुना पसाराच वाटत होता. आजचे दप्तर माळ्यावरच्या बंद पडलेल्या सीपीयूत आहे: बचत गटाचे इतिवृत्त, सोसायटीचे हिशेब, गावच्या जत्रेचा जमाखर्च, आजीने सांगितलेली आणि नातवाने टंकलेली ओवी, कधीच न छापलेले आत्मचरित्र.

३१/
राजवाड्यांच्या कागदांना वाळवीने खाल्ले तरी अर्धे पान उरे आणि अर्ध्या पानावरूनही इतिहास लिहिता आला. आपल्या फाइलींना प्रोग्राम, परवाना आणि फॉन्ट असे तिन्ही सोबती लागतात. कोणता फॉन्ट होता हे ज्यांना आठवते, ती पिढी आज घरात आहे. त्यांना विचारायचे ते आताच. या दिवाळीत माळा आवरताना जुना सीपीयू भंगारात देण्याआधी त्याची डिस्क काढून घ्या. तिच्यात काय सापडले आणि कोणत्या फॉन्टात, ते या धाग्याखाली अवश्य लिहा. फॉन्टांची एक यादी इथेच तयार झाली, तर ती पुढच्या वाचकाच्या कामी येईल.